सरकारी वेबसाइटचा नियम, आपल्या धंद्याच्या कामाचा

व्हिडिओत मुद्दे ऐकलेत, आता तपशील बघू.

दुकानाला दोन पायऱ्या असतील तर व्हीलचेअरवरचं गिऱ्हाईक बाहेरूनच परत जातं. वेबसाइटलाही अशा पायऱ्या असतात, फक्त आपल्याला त्या दिसत नाहीत. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, तो मोबाईल वापरतो तो स्क्रीन रीडरवर. हे सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतं. पण मजकुराच्या जागी नुसता फोटो असेल, तर ते वाचणार काय?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यातल्या २९ लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातल्या. शिवाय चष्मा शोधत बसणारे आपले आजी-आजोबा वेगळेच!

नियम काय आहे?

सरकारी वेबसाइट आणि ॲप कसे असावेत, यासाठी केंद्र सरकारची जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पहिली आवृत्ती २००९ ची, तिसरी २०२३ ची. तिचा पाया म्हणजे डब्ल्यूसीएजी २.१ हे जागतिक मानक, लेव्हल डबल ए. याच्या मागे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, आणि त्याचं कलम ४६ सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू होतं. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते प्रकरण केवायसीचं होतं. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा असं ॲप सांगतं, पण ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळेच गेले त्यांनी काय करायचं?

काम मिळवायचं असेल तर

तुम्ही डीटीपी, टायपिंग किंवा वेबसाइटची कामं करता का? मग ग्रामपंचायत, नगरपरिषद, सरकारी शाळा हे तुमचे ग्राहक होऊ शकतात. तिथे दोन गोष्टी हमखास दिसतात.

एक, सही-शिक्का मारलेला कागद स्कॅन करून पीडीएफ चढवलेली असते. स्क्रीन रीडरसाठी तो कोरा कागद.

दोन, जुन्या डीटीपी फॉन्टमधलं मराठी. आपल्याला ते छान मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. स्क्रीन रीडर तेच वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून टायपिंग युनिकोडमध्येच करा.

कोटेशनमध्ये एक ओळ लिहा: 'मजकूर युनिकोडमध्ये, स्क्रीन रीडरवर तपासून देऊ.' पण जेवढं करणार तेवढंच लिहा. सरकारी वेबसाइटचं प्रमाणपत्र एसटीक्यूसी ही संस्था देते, आपण नाही. आणि अक्षरं मोठी-लहान करणारं एक बटण लावलं म्हणजे मानक पाळलं, असं होत नाही.

आपल्या दुकानासाठी आजच करा

१. रेटकार्डचा फोटो टाकता ना? खाली तेच दर टाइपही करा.

२. वेबसाइटवरच्या प्रत्येक फोटोला वर्णन द्या. 'फोटो १' नको, 'निळी पैठणी, सोनेरी काठ' असं.

३. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं नकोत. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ः१ कॉन्ट्रास्ट लागतो. तो मोजणारी टूल्स इंटरनेटवर फुकट मिळतात.

४. 'लाल रंगातल्या वस्तू संपल्या' असं नको. 'संपलं' हा शब्द लिहा. रंग सगळ्यांना सारखे दिसत नाहीत.

५. व्हिडिओला कॅप्शन द्या. ज्याला ऐकू येत नाही त्याला कळतं, आणि बसमध्ये आवाज बंद ठेवून बघणाऱ्यालाही.

दहा मिनिटांची परीक्षा

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक सुरू करा. आयफोनवर व्हॉइसओव्हर. (बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा! टॉकबॅकमध्ये एकदा टॅप केलं की फोन वाचतो, दोनदा केलं की उघडतो.) मग डोळे मिटा आणि स्वतःच्याच पेजवरून एक ऑर्डर देऊन बघा.

जिथे तुम्ही अडकाल, तिथूनच गिऱ्हाईक परत जातंय. ते तक्रार करत नाही, शेजारच्या दुकानात जातं. ती जागा आधी दुरुस्त करा, जाहिरातीचा खर्च नंतर.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत!