शर्यतीची मोटार : जोर, वजन आणि चाके

श्रोतेहो, ज्या मोटारीचे इंजिन मोठे तीच शर्यत जिंकणार, असे आपण धरून चालतो. १९ जानेवारी १९५८ रोजी अर्जेंटिनात, ब्यूनॉस आयर्स येथे, या समजुतीला चांगलाच धक्का बसला. एका बाजूला इटलीच्या फेरारी गाड्या. त्यांचे इंजिन २.४ लिटरचे. दुसऱ्या बाजूला स्टर्लिंग मॉस हा इंग्लिश चालक, आणि त्याची कूपर नावाची चिमुकली गाडी. तिचे इंजिन जेमतेम २ लिटरचे, आणि तेही चालकाच्या पाठीमागे! जिंकली ती कूपर.

आता हे झाले कसे? समजा, एका गाडीची शक्ती २०० अश्वशक्ती आणि वजन ४०० किलो आहे. म्हणजे दर अश्वशक्तीच्या वाट्याला २ किलो आले. दुसरीची शक्ती २५०, पण वजन ६०० किलो. तिथे वाटा २.४ किलोंचा. वळणातून बाहेर पडून वेग घेताना ही जोरदार गाडीच मागे पडेल. लांब सरळ रस्त्यावर मात्र झुंज हवेशी असते. तिथे नुसती शक्ती जास्त कामी येते.

खरी परीक्षा वळणावर. वेग दुप्पट झाला की गाडीला वळणात धरून ठेवायला चौपट बळ लागते, आणि ते सारे टायरच्या पकडीतून यायचे. भार वाढला की पकडही वाढते, पण त्या प्रमाणात नाही. शिवाय टायर लवकर झिजतो.

वजन किती, तसेच ते कुठे, हेही पाहावे लागते. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. काठीच्या दोन टोकांना एकेक वीट बांधा, काठी मधोमध धरून झटक्याने फिरवा. मग त्याच विटा मुठीजवळ सरकवा आणि पुन्हा फिरवा. मनगटच फरक सांगेल! कूपरचे इंजिन असेच मध्याजवळ, मागच्या चाकांच्या जरा पुढे होते.

बैल गाडीच्या पुढे असतात, मागे नाही, असे एन्झो फेरारी म्हणत असल्याचे सांगतात. आपल्या गाडीवानांना हे पटेलच. पण मोटारीला ओढणारे बैल म्हणजे इंजिन नव्हे. रस्त्याला रेटणारी चाके ती. फेरारीतही जोर मागच्याच चाकांना मिळे, मात्र इंजिनापासून तिथवर लांब दांडा न्यावा लागे. त्याचे वजन कूपरमध्ये वाचले, चालकही खाली बसू शकला. आणि मागच्या चाकांवर भार आला. रिकाम्या ट्रकचे चाक चिखलात गरगर फिरते, मागे चार माणसे उभी केली की धरते, तसेच हे.

कूपरची चाके बदलायला फार वेळ लागे. म्हणून मॉस टायर न बदलता ८० फेऱ्या धावला. शेवटी टायर पार झिजले होते. मागून येणारा फेरारीचा लुइजी मुस्सो अवघे २.७ सेकंद मागे राहिला.

१९५९ आणि १९६० अशी दोन्ही वर्षे जॅक ब्रॅबहॅमने कूपरमधूनच जगज्जेतेपद मिळवले. १९६१ साली फेरारीनेही आपल्या ग्रां प्रीच्या गाडीचे इंजिन चालकाच्या मागे नेले.