पडलीस का?

रात्रीच्या फोनवर आपले प्रश्न ठरलेले असतात. जेवलीस का? गोळी घेतलीस का? लाइट आहे का? पलीकडचं उत्तरही ठरलेलं, ‘सगळं बरंय, तू तुझं बघ!’ हिंजवडीत बसून गावाकडच्या आईवडिलांची आपण घेतो ती काळजी एवढीच. यात आणखी एक प्रश्न टाकायला हवा: पडलीस का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यात सर्वाधिक प्रमाण साठीच्या पुढच्यांचं. शिवाय एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडण्याची शक्यता दुप्पट होते. म्हणजे पहिलं पडणं ही वॉर्निंग बेल. आणि नेमकं तेच आपल्यापासून लपवलं जातं!

धाराशिव जिल्ह्यातलं येडशी म्हणजे अनेकांसाठी रामलिंगची पावसाळी पिकनिक. हिरवा घाट, धबधबा, माकडं आणि खाली दरीत महादेवाचं देऊळ. माझ्यासाठी ते मावशीचं गाव. श्रावणात रामलिंगच्या पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड घट्ट धरला, तेव्हा मला शंका आली. खोदून विचारलं, तर महिन्याभरात बाई दोनदा पडलेली! सांगितलं का नाहीस? ‘सांगून काय करू? उचलून पुण्याला न्याल मला.’

मग मी तिच्याबरोबर घरभर फिरले. एकच एक व्हिलन सापडला नाही. जुन्या घराचा उंच उंबरा. मुलानं हौसेनं बसवलेली गुळगुळीत स्टाइल. झिजलेली स्लीपर. अंगणापलीकडचं बाथरूम आणि मधे दिवा नाही. बीपीची गोळी, वर झोपेची गोळी. पहाटे झटकन उठलं की बीपी घसरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन भिंगांच्या चष्म्यातून खाली पाहिलं की पायरी धूसर दिसते. यातलं एकेक किरकोळ वाटतं. पण चार गोष्टी एकाच पहाटे जमल्या, की खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं.

आणि भीतीचं काय? पडायची भीती बसली की माणूस चालणं कमी करतं. मग पायातली ताकद जाते, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. म्हणून ‘आई, तू बसून राहा’ हा आपला लाडका सल्ला उलटाच पडतो! पायांची ताकद आणि तोल वाढवणाऱ्या व्यायामानं पडणं कमी होतं, हे संशोधनातून सिद्ध झालंय.

पुढच्या सुट्टीतली चेकलिस्ट

- खुर्चीतून उठून 10 फूट चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना दाखवा. टेस्ट घेताना शेजारी उभे राहा.
- सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. स्वतःच्या मनानं एकही बंद करू नका.
- डोळे तपासा. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन पुढे ढकलू नका.
- पलंग ते बाथरूम रात्रभर उजेड, बाथरूममध्ये धरायला दांडी, पायात घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल.
- उठताना आधी बसायचं, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं.

या सगळ्याचा खर्च एका मॉलवारीपेक्षा जास्त नाही. काठी, चष्म्यासारख्या साधनांसाठी राज्य सरकारनं 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. त्यात 65 च्या पुढच्या, कमी उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी एकरकमी 3 हजार रुपयांची तरतूद केली.

मात्र ‘पडलीस का?’ विचारण्याआधी एक शब्द द्या. खरं सांगितलंस तर घर सोडायला लावणार नाही, घर नीट करून देऊ. रागावलात, तर पुढच्या वेळीही उत्तर ‘सगळं बरंय’ हेच येईल!