मधुमेह्याने आधी तोंड उघडावे

मधुमेह हा शहरातील सुखवस्तू माणसांचा रोग आहे, ही समजूत फार काळ टिकली. गादीवर बसून व्यापार करणाऱ्याला तो व्हावा आणि उन्हातान्हात राबणाऱ्याच्या वाटेस त्याने जाऊ नये, असा जणू निसर्गाचाच नियम असल्यासारखे बोलले जाई. वस्तुस्थितीने हा नियम केव्हाच मोडीत काढला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्यातील निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा महाराष्ट्रातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते. शहरांत ते १०.९ टक्के होते, तर खेड्यांतही ६.५ टक्के होते. त्याच पाहणीचे अखिल भारतीय निष्कर्ष २०२३ साली बाहेर आले. त्यांनुसार देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली असून आणखी १३ कोटींहून अधिक माणसे रोगाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. 

अमरावतीच्या पश्चिमेस असलेले भातकुली हे या बदलाचे बोलके उदाहरण ठरावे. रुक्मीने वसविलेले प्राचीन भोजकट ते हेच, असे अनेक अभ्यासक मानतात. जैनांचे तीर्थक्षेत्र म्हणूनही या गावाची ख्याती आहे. तालुका खारपाणपट्ट्यातला. काळी कसदार जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन, हरभरा ही पिके आणि जमिनीखाली मचूळ, खारे पाणी. येथील माणूस अंगाने बहुधा सडपातळ आणि कष्टाळू. तरीही ‘शुगर निघाली’ हे वाक्य आता येथील ओसरीवर कोणाला नवे राहिलेले नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जो अभ्यास चालविला, त्याने या कोड्यावर पुष्कळ प्रकाश टाकला आहे. भारतीय अर्भक युरोपीय अर्भकापेक्षा वजनाने हलके असते, परंतु त्याच्या देहात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने अधिक असते, असे त्यात दिसून आले. आईच्या पोटातच कुपोषणाची झळ सोसलेला हा देह पुढे बरे दिवस येताच मधुमेहाला बळी पडतो. सडपातळ बांधा म्हणजे अभयपत्र नव्हे, हा त्याचा अर्थ होय.

विसरलेला अवयव

रोगाचे निदान झाल्यावर घराघरांत काय घडते? गोळी सुरू होते, चहातली साखर कमी होते, लग्नाच्या पंगतीत बुंदीला हात जोडले जातात आणि पथ्य पूर्ण झाले असे सर्वांना वाटते. अधिक जाणकार घरांत डोळे तपासले जातात, मूत्रपिंडाची चाचणी होते, पायांना जखम होऊ नये म्हणून पऱ्हाटीच्या धसकटांत अनवाणी जाणे टाळले जाते. हे सारे आवश्यकच आहे. परंतु ज्या मार्गाने पथ्य आणि अपथ्य दोन्ही शरीरात शिरतात, त्या तोंडाकडे मात्र रुग्णाचे, घरच्यांचे आणि पुष्कळदा डॉक्टरांचेही लक्ष जात नाही.

वस्तुतः मधुमेह आणि हिरड्या यांचे नाते वैद्यकशास्त्राला नवे नाही. दंतवैद्यकातील मान्यवर संशोधक हाराल्ड लो यांनी १९९३ साली हिरड्यांच्या आणि दातांच्या आधारभूत हाडाच्या विकाराला मधुमेहाचा सहावा उपद्रव असे म्हटले. डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि जखमा न भरणे हे आधीचे पाच. रक्तातील साखर वाढलेली राहिली की सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा जोम ओसरतो आणि लाळ कमी होते. कोरड्या तोंडात कीड लवकर धरते, जिभेवर बुरशीचा पांढरा थर चढतो, तिखटाने तोंड भाजल्यासारखे होते. हिरड्या सुजतात, दात घासताना रक्त येते, पुढे हिरड्या दातांपासून सुटतात आणि न किडलेला, धडधाकट दिसणारा दातही हलू लागतो. वय झाले, दात पडायचेच, अशी मनाची समजूत घालून माणूस एकेक दात गमावीत जातो.

हे नाते एकेरी असते तर एक वेळ चालले असते. ते दुहेरी आहे. हिरड्यांत मुरलेली जंतुबाधा ही शरीराच्या दृष्टीने न भरलेली जखमच असते. तिच्यामुळे उठणारा दाह इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतो आणि साखर आटोक्यात येईनाशी होते. म्हणजे साखरेने हिरड्या बिघडाव्यात आणि हिरड्यांनी साखर बिघडवावी, असे हे दुष्टचक्र आहे. उलटपक्षी हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी चाचणी असते, तिचा आकडा अंदाजे ०.४ टक्क्याने उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून २०२२ मध्ये दिसून आले. हा आकडा दिसायला किरकोळ आहे. परंतु जो आकडा ७ टक्क्यांच्या आसपास ठेवण्यासाठी डॉक्टर औषध वाढवीत असतात, त्याच्या हिशेबात तो किरकोळ खचितच नव्हे.

भाकरीपासून बिस्किटापर्यंत

या दुष्टचक्राला वऱ्हाडात आणखी एक फेरा आहे आणि तो थेट ताटातून जातो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण, कच्चा कांदा, मुळा, भाजलेले दाणे हा येथील जुना आहार. तो चावावा लागतो. भाकरीतही पिष्ट असते आणि चार भाकरींनी साखर वाढतेच. पण चोथायुक्त आणि चावून खाल्लेल्या अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते. आज ज्वारीचा पेरा घटून तिच्या जागी सोयाबीन आले, स्वस्त धान्याच्या दुकानातून तांदूळ आणि गहू घरात आला. त्यात दाढा पडल्या की उरलीसुरली भाकरीही सुटते. मग मऊ भात, चहात बुडविलेले टोस्ट-बिस्किट, पातळ खिचडी यांवर दिवस निघतो. जे मऊ ते बहुधा लवकर साखर वाढविणारे. अशा रीतीने दाढ पडणे ही केवळ तोंडाची हानी राहत नाही, ती पथ्याचीच हानी ठरते. गुळाने साखर वाढत नाही, उपासाच्या साबुदाण्याने काही होत नाही, या भाबड्या समजुती त्यात भर घालतात. पर्युषण, श्रावण किंवा नवरात्र यांतील कडक उपवास गोळ्या-इन्सुलिन तसेच चालू ठेवून केला, तर साखर एकाएकी घसरून माणूस बेशुद्ध पडण्याचाही धोका असतो. तेव्हा उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारणे हे श्रद्धेला कमीपणा आणणारे नाही.

दाढ ठणकू लागली म्हणजे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. दंतवैद्याकडे जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, तालुक्याहून अमरावती गाठावी लागते. त्यापेक्षा औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेणे सोपे. दुखणे थांबते, कारण कायम राहते, पुन्हा गोळी. मधुमेह हे मूत्रपिंडे निकामी होण्याचे एक प्रमुख कारण आहे आणि अशा वेदनाशामक गोळ्यांचा वारंवार वापर मूत्रपिंडांना अपायकारक असतो. खारपाणपट्ट्यातील गावांत मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. क्षारयुक्त पाण्याचा त्यातील वाटा नेमका किती, हा संशोधनाचा प्रश्न होय. परंतु ज्याची मूत्रपिंडे आधीच साखरेच्या माऱ्याखाली आहेत, त्याने दाढेसाठी त्यांवर तिसरे ओझे टाकू नये, हे सांगण्यास संशोधनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पन्नीवर घोटलेले विष

आणि मग तंबाखू. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य ती ओढणारे नसून खाणारे किंवा दातांना लावणारे आहेत. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. परंतु विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा पानठेल्यापानठेल्यावर मिळतो, आणि तो पाहुण्याला पुढे करणे हा शिष्टाचार समजला जातो. घरातील स्त्रिया मिश्री किंवा गुडाखू लावतात आणि त्याला दात घासणे असे म्हणतात. हिरडी बधिर झाली म्हणजे दुखणे गेले, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात व्यसन जडते आणि हिरडी कुजत राहते. सतत सुपारी चघळणाऱ्याचे तोंड कालांतराने उघडेनासे होते. विडी ओढणाऱ्याच्या बाबतीत तर फसवणूक दुहेरी असते, कारण धुराने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आजारी हिरडीतून रक्त कमी येते. धोक्याची घंटाच मुकी होते. मधुमेह आणि तंबाखू हे दोघे हिरडीच्या, हृदयाच्या आणि पायाच्या रक्तवाहिन्यांवर एकाच वेळी घाला घालतात, ही गोष्ट गोळी लिहून देताना प्रत्येक वेळी सांगितली गेली पाहिजे.

उपाय खर्चिक नाहीत. सकाळी आणि विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी मऊ कुंचल्याने, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. झोपेत लाळ कमी होत असल्याने रात्रीचे घासणे अधिक मोलाचे. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरणाऱ्याने ती हलक्या हाताने फिरवावी. राख, कोळसा आणि विटकरीची पूड मात्र दातांचे कवच झिजविते. जेवणानंतर चूळ भरावी, कवळी रात्री काढून स्वच्छ करून ठेवावी. हिरडीतून रक्त येणे हे साखर तपासण्याचे निमित्त समजावे. सहा महिन्यांतून एकदा दंतवैद्यास तोंड दाखवावे. मधुमेह्याने दात काढायचाच नाही, हा समज चुकीचा आहे. साखर आटोक्यात असता दात निर्धोकपणे काढता येतो. त्यासाठी सकाळची वेळ घ्यावी, नेहमीची न्याहारी व औषध घेऊन जावे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास सांगावे आणि खिशात थोडी साखर ठेवावी.

तथापि सारा भार रुग्णावर टाकून शासनयंत्रणेस मोकळे होता येणार नाही. मधुमेह, कर्करोग आणि हृदयविकार यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. तिशी ओलांडलेल्यांची गावोगाव तपासणी करण्याची योजना आहे. आशा सेविका घरोघर जाऊन तंबाखूची सवय, कमरेचा घेर, तोंडात न भरणारा व्रण यांविषयी विचारतात आणि कर्करोगाच्या शंकेने उपकेंद्रावर तोंडही तपासले जाते. म्हणजे तोंड उघडले जातेच. त्याच क्षणी हिरड्यांकडे एक नजर टाकावी, दात हलतात का हे विचारावे आणि मधुमेह्याच्या कार्डावर डोळे व पाय यांच्याबरोबर दातांचाही एक रकाना असावा, एवढीच मागणी आहे. अमरावतीत दंत महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांची फिरती शिबिरे भातकुलीसारख्या तालुक्यांत आठवडी बाजाराच्या दिवशी भरली, तर मजुरी न बुडविता लोकांना उपचार मिळू शकतील.

याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे गाडगेबाबांचा जन्म झाला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाजवळ, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या खराट्याने गावाच्या गल्ल्या झाडल्या आणि २००० साली राज्याने त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान सुरू केले. गावाच्या वेशीपासून घराच्या उंबरठ्यापर्यंत आलेली ती स्वच्छता आता माणसाच्या तोंडापर्यंत पोचली पाहिजे. मधुमेह जन्माचा सोबती आहे, त्याला घालवून देता येत नाही. परंतु त्याच्यासह जगताना स्वतःच्या दातांनी भाकरी चावून खाता येणे, ही चैन नसून उपचाराचाच एक भाग आहे, एवढे रुग्णाने ओळखावे आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्यांनीही.