सूट, कडता आणि बक्षीस : बुलडाणा जिल्ह्यातील देवघेवीची परिभाषा व इटालियन परिभाषेशी तिची तुलना

गोषवारा

ठरलेल्या किमतीपेक्षा कमी देणे, किमतीऐवजी चिठ्ठी देणे आणि किमतीवर काही अधिक देणे या तीन व्यवहारांसाठी प्रत्येक भाषेत स्वतंत्र शब्द घडलेले असतात. बुलडाणा जिल्ह्याच्या बाजारपेठेतील अशा शब्दांचा अर्थ व वापर प्रस्तुत लेखात स्पष्ट केला असून, जेथे उपयुक्त वाटले तेथे इटालियन शब्दांशी त्यांची तुलना केली आहे. गणित एकच असले तरी शब्द बदलला की देणाऱ्या-घेणाऱ्याचे नातेही बदलते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

प्रस्तावना

बुलडाणा जिल्हा हा जुन्या वऱ्हाडाचा पश्चिम भाग होय. निजामाचा हा मुलूख १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कापसाच्या व्यापाराला वेग आला. खामगाव ही त्या काळी कापसाची मोठी पेठ होती. जलंब ते खामगाव हा लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला व त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उपस्थित होते. राजवट फारसीची, शेतकरी मराठी, व्यापारी मारवाडी व गुजराती, तर खरेदीदार मुंबईचे, अशा या पेठेत अनेक भाषांचे शब्द एकत्र नांदले. लिलावाला आजही या भागात 'हर्रास' म्हटले जाते.

इटालियन भाषा तुलनेसाठी निवडण्यास कारण आहे. मध्ययुगात पेढी, विनिमय व हिशोब यांची युरोपीय परिभाषा मोठ्या प्रमाणावर इटलीतील व्यापारी नगरांत घडली. तेथील शब्द आणि वऱ्हाडच्या पेठेतील शब्द यांचा परस्परसंबंध नाही. परंतु दोन्हीकडे व्यापाऱ्यांना सारख्याच प्रश्नांना नावे द्यावी लागली.

सूट : गिऱ्हाइकाच्या बाजूचे शब्द

'सूट' हा शब्द 'सुटणे' या क्रियापदापासून आला आहे. किमतीच्या बंधनातून काही भाग मोकळा झाला, अशी त्यामागची कल्पना आहे. 'सुटे पैसे' हा प्रयोगही त्याच धातूचा. इटालियनमध्ये सुटीला 'स्कोंतो' म्हणतात. त्याचे मूळ मोजणे या अर्थाच्या 'कोंतारे' या क्रियापदात आहे. म्हणजे मोजलेल्यातून वजा केलेले. शिक्षा भोगून संपविणे यासाठीही इटालियनमध्ये 'स्कोंतारे' हेच क्रियापद वापरतात. मराठी शब्दात मोकळेपणा आहे, तर इटालियन शब्दात हिशोब आहे.

व्यापाऱ्यांचा जुना शब्द 'वटाव' हा होय. हुंडीची मुदत पुरी होण्यापूर्वी तिचे पैसे हवे असल्यास जी रक्कम सोडावी लागे ती वटाव. 'धनादेश वटणे' हा आजचा प्रयोग त्याच शब्दकुळातील आहे. वटाव म्हणजे वेळेची किंमत, आणि ती ज्याला पैशांची निकड आहे तोच मोजतो.

खामगावची दुसरी ओळख चांदीच्या पेठेची आहे व तिला 'रजतनगरी' असेही म्हणतात. सराफी व्यवहारात चांदीचा भाव बाजाराने ठरतो, म्हणून सूट धातूवर नसून 'घडणावळी'वर, म्हणजे मजुरीवर, मिळते. जुना दागिना 'मोडीत' देताना मात्र 'घट' धरली जाते. सूट ही गिऱ्हाइकाला मिळते, घट गिऱ्हाइकाची होते; ग्राहकाने दोन्ही आकडे एकत्र मांडले तरच व्यवहार कळतो.

आठवडी बाजारात सुटीचे रूप वेगळे असते. तेथे घासाघीस होते, आणि सौदा पटल्यावर भाजीवाली वर चार मिरच्या व कोथिंबिरीच्या दोन काड्या घालते. इटलीतील भाजीविक्रेताही नेहमीच्या गिऱ्हाइकास गाजर, सेलरी, पार्सली अशी चवीची पाने-मुळे फुकट देतो. त्यांना 'ओदोरी', म्हणजे 'सुगंध', असे नाव आहे. दोन्हीकडे ही देणगी कोठे लिहिलेली नसते, पण ती न मिळाल्यास गिऱ्हाईक दुखावते. ती किमतीतील कपात नसून ओळखीची खूण आहे.

मोठ्या दुकानांतील सुटीवर मात्र दोन्ही देशांत कायद्याची नजर आहे. इटलीत 'साल्दी', म्हणजे हंगामअखेरची विक्री, हिवाळा व उन्हाळा अशा ठरावीक काळातच होते. १९९८ च्या कायद्यानुसार मूळ किंमत व सुटीची टक्केवारी दाखवावी लागते. २०२३ पासून सूट जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत दर्शविणेही आवश्यक झाले आहे. भारतात बंदिस्त वस्तूंवर कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती १९९० पासून आहे. परंतु छापील किंमत मुळातच फुगविलेली असेल, तर तिच्यावरील सूट हा केवळ शब्दांचा खेळ ठरतो.

कडता : शेतकऱ्याच्या विरुद्ध बाजूचे शब्द

दुकानात जी क्रिया 'सूट' या नावाने आनंद देते, तीच क्रिया शेतमालाच्या अडतीत वेगळ्या नावांनी होते. मालातील माती, काडी व ओल यांपोटी वजनातून जे वजा केले जाते त्यास 'कडता' किंवा 'कट्टी' म्हणतात. याशिवाय 'आडत' म्हणजे मध्यस्थाचे कमिशन, 'हमाली' म्हणजे चढ-उताराची मजुरी, 'तोलाई' म्हणजे मापाऱ्याची मजुरी आणि पूर्वी सर्रास घेतला जाणारा 'धर्मादाय' अशी नावे हिशोबपट्टीवर येत. या सर्वांनंतर हाती पडते त्या रकमेला 'चुकारा' म्हणतात.

या शब्दांचा एकत्रित परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शेतकऱ्याने १० क्विंटल सोयाबीन ४,००० रुपये भावाने विकले. हर्रासात पुकारलेल्या भावाने त्याची किंमत ४०,००० रुपये होते. क्विंटलमागे १ किलो कडता धरल्यास १० किलोंचे ४०० रुपये गेले व ३९,६०० रुपये उरले. पैसे रोख हवेत म्हणून शेकडा २ वटाव कापला, तर आणखी ७९२ रुपये जातात. हाती ३८,८०८ रुपये येतात. म्हणजे हमाली-तोलाई धरण्यापूर्वीच १,१९२ रुपये, सुमारे ३ टक्के, कमी झाले. ही खरेदीदाराला मिळालेली सूटच होय. फरक इतकाच की देणाऱ्याने ती आपण होऊन दिलेली नाही आणि तिला कोणी सूट म्हणत नाही.

बाजार नियमनाचा इतिहास हा या शब्दांना लगाम घालण्याचा इतिहास आहे, आणि त्यात वऱ्हाडाचे स्थान अग्रभागी आहे. देशातील पहिला नियमित कापूस बाजार १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे स्थापन झाला. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. राज्याच्या १९६३ च्या कृषि उत्पन्न पणन कायद्याने नियमांत न बसणारी व्यापारी सवलत घेण्यास प्रतिबंध केला. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्य शासनाने केला.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. प्रत्येक कपात अन्यायकारक नसते. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत कापसातील ओलाव्याचे प्रमाण ८ टक्के धरलेले आहे. त्याहून अधिक, १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असल्यास त्या प्रमाणात भाव कमी होतो. ही कपात यंत्राने मोजलेली व आधी जाहीर केलेली असते. उलट, माल कोरडा असो वा ओला, सरसकट धरलेली कट्टी ही मोजणी नसून रूढी आहे. इटालियन 'स्कोंतो'तील मोजण्याचा भाव येथे उपयोगी पडतो : जे मोजलेले नाही ते वजा करण्याचा अधिकार कोणास नाही.

चिठ्ठी आणि कूपन

किमतीऐवजी दिल्या-घेतल्या जाणाऱ्या कागदाचा जुना प्रकार म्हणजे हुंडी. दाखविताच पैसे मिळणारी ती 'दर्शनी' आणि ठरावीक मुदतीने मिळणारी ती 'मुदती'. हुंडीवरील खर्चास 'हुंडणावळ' म्हणत.

'कूपन' हा शब्द ग्रामीण भागात मुख्यतः शिधावाटपाशी जोडला गेला आहे. विदर्भात स्वस्त धान्य दुकानाला 'कंट्रोल' म्हणतात आणि 'कंट्रोलचा तांदूळ' हा रोजच्या बोलण्यातील प्रयोग आहे. शहरातील ग्राहकाला कूपन म्हणजे खरेदीचे आमिष वाटते. खेड्यातील कुटुंबाला ते पोटाचा आधार वाटते. इटालियनमध्ये अशा कागदाला 'बुओनो' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ 'चांगला', म्हणजे येथे 'ग्राह्य', असा आहे. नोकरदारांना जेवणासाठी मिळणारा 'बुओनो पास्तो' हा तेथील सर्वपरिचित प्रकार होय. तो मालकाची मेहेरबानी नसून नोकरीच्या अटींचा भाग असतो.

बक्षीस, दस्तुरी आणि हक्क

'बक्षीस' हा फारसीतून आलेला शब्द असून त्याच्या मुळाशी देण्याची क्रिया आहे. 'दस्तुरी' हा शब्द 'दस्तूर', म्हणजे रिवाज, यापासून बनला. खरेदीत मध्यस्थ वा नोकर जे कमिशन काढून घेई ते दस्तुरी. 'चहापाणी' हा शब्द मजुराला प्रेमाने दिलेल्या पैशांसाठी आहे आणि लाच झाकण्यासाठीही तोच वापरला जातो. दिवाळीस नोकरांना द्यावयाची 'पोस्त' आणि पोळ्याला बैल घेऊन दारी येणाऱ्यास विदर्भात दिला जाणारा 'बोजारा' ही सणांशी बांधलेली देणी होत.

इटालियन 'मांचा' या शब्दाचा उगम बाहीशी जोडला जातो. सरदाराला मानाची खूण म्हणून बाही भेट देण्याच्या प्रथेतून तो आला. आज इटलीत मांचा देणे ऐच्छिक आहे. मात्र अनेक भोजनगृहांत माणशी 'कोपेर्तो', म्हणजे मांडणावळीचा आकार, देयकात लावला जातो. रोम ज्या लात्सिओ प्रदेशात आहे तेथे २००६ च्या प्रादेशिक कायद्याने त्यास मनाई केली. भारतातही सेवाशुल्क आपोआप देयकात लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली व मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरविली.

परंतु ऐच्छिक देण्याची दुसरी बाजूही आहे. गावगाड्यात कारागिरांना खळ्यावर मिळणारे बलुते हा त्यांच्या श्रमाचा मोबदला होता. प्रत्यक्षात तो देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राही आणि मागणारा याचक ठरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हाच प्रश्न होता. वऱ्हाड त्या कायदेमंडळाच्या कक्षेत नव्हते; पण मोबदला मर्जीवर ठेवला की त्याची भीक होते, हे सत्य वऱ्हाडालाही लागू होते. आजच्या उपाहारगृहातील वेटरला पगार कमी देऊन उरलेले बक्षिसावर सोपविणे हा त्याच जुन्या रीतीचा नवा अवतार होय.

याच जिल्ह्यात शेगाव येथे श्री गजानन महाराज संस्थानात हजारो सेवाधारी विनामोबदला सेवा करतात. सेवा ही स्वेच्छेने स्वीकारलेली असते, म्हणून तेथे बक्षिसाचा प्रश्नच उद्भवत नाही. पोटासाठी राबणाऱ्याकडून मात्र अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

निष्कर्ष

१. सूट, वटाव, घट, कडता या सर्वांत वजाबाकी एकच आहे. ती कोणाच्या पदरी पडते व कोणाच्या संमतीने होते, यावरून शब्द बदलतात.

२. मोजलेली, आधी जाहीर केलेली आणि पावतीवर लिहिलेली कपात न्याय्य ठरू शकते. रूढीने चालणारी सरसकट कपात दुर्बल घटकाच्या माथी बसते.

३. बक्षीस मोबदल्याच्या वर असेल तर तो स्नेह. मोबदल्याच्या जागी असेल तर तो अन्याय.

हिशोबपट्टीवरील प्रत्येक शब्दाचा अर्थ शेतकऱ्यास, ग्राहकास व कामगारास ठाऊक असणे हे या दृष्टीने आर्थिक साक्षरतेचे पहिले पाऊल आहे. शाळा-महाविद्यालयांतील अंकगणित व भाषा या दोन्ही विषयांत खरी हिशोबपट्टी वाचावयास दिली, तर हे पाऊल जिल्ह्यातच टाकता येईल.