सकाळीच अडखळणारी मोटार

नरखेड तालुक्यातल्या एका गावी माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. मामांना आठवड्यातून दोनदा पहाटे डायलिसिससाठी नागपूरला न्यावे लागते. घरची मोटार जुनी, चार सिलिंडरची आणि कार्बोरेटरची. मागच्या हिवाळ्यात तिला एक खोड लागली. सकाळी ती नीट सुरू होई. पण जागेवर उभी असली की 'धप्' असा आवाज करून ठोके चुकवी. रेल्वे फाटकाशी थांबली की कधी बंदही पडे. मिस्त्रीकडे पोचेपर्यंत मात्र ती ठणठणीत झालेली असे. त्याने प्लग, पॉइंट, कंडेन्सर बदलून पाहिले. खोड तशीच राहिली. तो फसवतो आहे, असे मामेभावाला वाटू लागले.

खरे तर मिस्त्रीला दोष कधी दिसलाच नव्हता. मधूनच प्रकट होणाऱ्या दोषाबाबत पहिले काम नोंदी ठेवण्याचे असते. आठवडाभर आम्ही वहीत लिहिले : सुरू केल्यापासून किती मिनिटे झाली, चोक ओढलेला होता का, गाडी उभी होती की चालती. त्यातून दिसले ते असे : चोक आत ढकलल्यावर, इंजिन पुरते तापण्याआधी, चारपाच मिनिटेच दोष दिसतो, आणि तोही गाडी उभी असतानाच.

उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. म्हणजे एका सिलिंडरचे मिनिटाला ४००, चौघांचे मिळून १६००; सेकंदाला सुमारे २७. फिरत्या चाकातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २४०० फेऱ्यांना ती नऊपट होते आणि एखादा हुकलेला स्फोट सहज झाकला जातो. ८०० फेऱ्यांना तोच स्फोट हुकला की धक्का जाणवतो.

आता, ठोके कसेही चुकत असतील तर संशय कॉइल, पॉइंट अशा सर्वांच्या सामाईक भागांवर जातो. तालात चुकत असतील तर एकाच सिलिंडरवर. आमचा 'धप्' तालात होता. म्हणून इंजिन बंद करून एका सिलिंडरची वायर काढायची, ती इंजिनच्या धातूला पक्क्या टेकवलेल्या जादा प्लगला जोडायची आणि मग इंजिन सुरू करायचे. (चालू इंजिनची वायर हाताने ओढू नये, तिच्यात हजारो व्होल्ट असतात.) पहिल्या तिन्ही सिलिंडरांची वायर काढल्यावर इंजिन मंदावले. चौथ्याची काढल्यावर जवळपास फरक पडला नाही. काम चुकवणारा तोच होता.

एका सकाळी चौथ्याचा प्लग दुसऱ्याला लावला व दुसऱ्याचा चौथ्याला. दोष चौथ्यातच राहिला, प्लग निर्दोष. पुढच्या सकाळी वायरींची अदलाबदल, वायरही निर्दोष. एका वेळी एकच बदल केला, म्हणून उत्तर निःसंदिग्ध मिळाले.

मग राहिली हवा. उभ्या गाडीत कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतला दाब वातावरणाच्या निम्म्याहूनही कमी होतो. कुठे बारीक फट असेल तर बाहेरची हवा जोरात आत शिरते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. त्याहून बरीच जास्त झाली तर मिश्रण नीट पेटत नाही. चालत्या गाडीत झडप उघडते, दाबातला फरक घटतो आणि मुख्य वाटेने भरपूर हवा येते. फटीतून येणारी हवा त्यात नगण्य ठरते. चोक ओढलेला असताना मिश्रणात पेट्रोल जास्त असते, म्हणून तेव्हाही दोष लपतो. ठिणगी कमजोर असती तर तो बहुधा उलट चढावर, इंजिनवर भार असताना दिसला असता.

पुढच्या सकाळी, मोकळ्या अंगणात, चौथ्या सिलिंडरपाशी नळी जिथे बोल्टांनी आवळलेली असते त्या सांध्यावर ब्रशने पाण्याचे थेंब सोडले. थेंब आत ओढले गेले आणि क्षणभर 'धप्' थांबले. (काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात, त्याने आग लागू शकते. बंद शेडमध्येही ही तपासणी करू नये. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.)

सांध्याचे पॅकिंग वाळून चिरले होते. नळी ॲल्युमिनियमची, बोल्ट पोलादी. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे सांधा आवळला जाऊन फट मिटत असे. गाडी मिस्त्रीकडे पोचताना बरी का होई, हे आता उलगडले.

शिक्षकांना वर्गात हे करून पाहता येईल. टॉर्चमध्ये एक सैल जोड ठेवा. मुलांनी आधी नोंदी कराव्यात, मग एका वेळी एकच भाग बदलून दोष शोधावा.

मिस्त्रीने पॅकिंग बदलले, बोल्ट सारखे आवळले. मामेभावाने त्याची माफी मागितली. अशी तक्रार घेऊन कोणी आले, तर मिस्त्री आता गाडी रात्रभर ठेवून घेतो आणि सकाळी स्वतः सुरू करून पाहतो.