जुन्या घरगुती सौर संचाची दुरुस्ती

रात्री दिवा लवकर मंदावू लागला की नवे सौर पॅनेल विकत घेण्याकडे कल असतो. अंबरनाथ-बदलापूर परिसरातील ग्रामस्थांनी त्यापूर्वी बॅटरी तपासून घ्यावी. पॅनेल सुमारे २५ वर्षे काम देते. शिसे-आम्ल बॅटरी बहुधा ४ ते ६ वर्षांतच थकते. येथील पावसाने जोडण्याही गंजतात, त्या घासून स्वच्छ कराव्यात.

नवे पॅनेल घ्यावेच लागले, तर ते जुन्या, कमी प्रवाहाच्या पॅनेलशी एकसर जोडू नये. एका जुवाला तगडा व थकलेला बैल जुंपल्यास चाल थकलेल्याचीच राहते. एकसर जोडणीत विद्युतप्रवाहाचे तसेच होते. दोघांचे व्होल्ट सारखे असल्यास समांतर जोडावे.

बॅटरी बदलताना आधी पॅनेलची तार सोडवावी, मग बॅटरीची. जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी.