शशिकलाताई काकोडकर : गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री

12 ऑगस्ट 1973 रोजी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचे निधन झाले आणि त्यांच्या मुलीकडे कारभार आला. शशिकला काकोडकर तेव्हा 38 वर्षांच्या होत्या. सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतर मुख्यमंत्रिपद मिळालेल्या त्या देशातल्या तिसऱ्या महिला.

वडिलांची गादी मिळाली, असे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे. पण त्या काही थेट घरातून उठून खुर्चीवर बसल्या नव्हत्या. 1967 मध्ये त्या पेडण्यातून आणि 1972 मध्ये डिचोलीतून निवडून आल्या होत्या. त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षही (मगोप) साधा नव्हता. पोर्तुगीज गेल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, 1963 साली, या प्रादेशिक पक्षाने सत्ता घेतली आणि काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करणे हे त्याचे मूळ ध्येय 1967 च्या जनमत कौलात 34,021 मतांनी हरले, तरी सत्ता त्याच्याकडेच राहिली. कारण पक्षाचा खरा पाया विलीनीकरणात नव्हता; तो कुळे, मुंडकार आणि बहुजन समाजाच्या अपेक्षांत होता.

ताईंच्या कारकिर्दीचे मोल ठरवायचे तर इथेच थांबायला हवे. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, अर्थात जमीनदाराच्या, जमिनीत घर बांधून राहणारा माणूस. भाटकाराची मर्जी फिरली की डोक्यावरचे छप्पर जायचे. 1975 च्या मुंडकार कायद्याने त्याला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले. पाठोपाठ 1976 मध्ये कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती आली. 20 एप्रिल 1976 या दिवशी जे कूळ जमीन कसत होते, तेच तिचे मालक मानले गेले. भाटकार अर्थातच न्यायालयात गेले, प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले आणि 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. कायद्यातला हक्क प्रत्यक्ष जमिनीच्या दप्तरी यायला पुढेही अनेकांची हयात गेली, हे खरेच. तरीही एका खाणमालकाच्या मुलीने जमीनदारांच्या मुळावर येणारा कायदा करावा, हे मला त्यांच्या पदापेक्षा अधिक विलक्षण वाटते.

1977 मध्ये देशभर जनता पक्षाची लाट होती. तरीही मगोपने तीस जागांच्या विधानसभेत पंधरा जिंकल्या आणि ताई पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. एवढ्या काठावरच्या संख्याबळावर राज्य चालवणे म्हणजे तारेवरची कसरत. एप्रिल 1979 मध्ये स्वपक्षातलेच आमदार फुटले, सरकार पडले आणि राष्ट्रपती राजवट आली. पुढच्या निवडणुकीत पक्ष सात जागांवर आला. ताई काँग्रेसमध्ये गेल्या, तिथून बाहेर पडल्या, वडिलांच्या नावाने वेगळा पक्ष काढला आणि अखेर मगोपमध्ये परतल्या. ही वर्षे त्यांच्या लौकिकात भर घालणारी नव्हती.

1990 मध्ये मात्र शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी पुन्हा ठसा उमटवला. सरकारी अनुदान फक्त प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच, असे धोरण ठरले. गंमत पाहा : मराठीचा कैवार घेणाऱ्या पक्षाच्या या नेत्याच्या निर्णयामुळे चर्चच्या कितीतरी इंग्रजी शाळांचे प्राथमिक वर्ग कोकणीत गेले. 2011 मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान देऊ केले, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आघाडीवर उभ्या राहिल्या.

28 ऑक्टोबर 2016 रोजी त्यांचे निधन झाले. गोव्याला त्यांच्यानंतर दुसरी महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. शेजारच्या महाराष्ट्राला तर अजून पहिलीही मिळायची आहे.